तुरुंग न मानणारे सोहोनी

वामनराव सोहोनींनी उभ्या आयुष्यात कोणाला चापट मारली नाही. मारली असती तर फार बरं झालं असतं, असं म्हणणारी माणसं मला खानदेशात अजून भेटतात, आणि मीही त्यांतलाच एक आहे. धुळ्याच्या कोर्टात मी फौजदारी वकिली केली. खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, दोन्ही बाजूंनी खाणारे जमादार पाहिले. त्यांतल्या कोणाची मला भीती म्हणून वाटली नाही. पण कोर्टाच्या व्हरांड्यात सोहोनी येताना दिसले, की मी सरळ मागच्या दाराने पानाच्या ठेल्यावर जाऊन उभा राहायचो.

आता हे सोहोनी कोण, ते सांगतो. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. दारूबंदीही आली होती, आणि तिच्यामुळे तुरुंगात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा सरकारात कोणाला तरी सुबुद्धी सुचली, की पहिल्यांदाच हातून चूक झालेल्या माणसाला आत कशाला कोंबायचं? त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घ्यावं आणि त्याला त्याच्याच गावात, त्याच्याच घरात राहू द्यावं. वर्षभर नीट वागला तर सुटला. अटी मोडल्या तर मूळच्या गुन्ह्याची शिक्षा भोगायला आत. मधल्या काळात त्याच्यावर नजर ठेवायला एक अधिकारी, त्याला म्हणायचं प्रोबेशन ऑफिसर. कायदा तसा जुनाच होता, पण आमच्याकडे त्याचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. सोहोनी मुंबईला त्याचं शिक्षण घेऊन आले आणि धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकटे पुरून उरले.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्याआधी नजर ठेवणं म्हणजे काय होतं? जमादाराने चावडीवर बोलवायचं, हजेरी घ्यायची आणि निघताना एक लाथ घालायची. त्यापेक्षा हे सोन्यासारखं. पण चांगली गोष्ट कोणाच्या हातात पडते त्यावर सगळं असतं हो. आमच्या नशिबाने ती सोहोनींच्या हातात पडली.

बुटके, गोरेपान, पांढरीशुभ्र खादी. केव्हाही पाहा, नुकतीच आंघोळ करून आल्यासारखे. भर वैशाखात सायकलवरून दहा कोस धूळ खाऊन आले तरी कपड्याला डाग नाही. आवाज इतका मऊ, की समोरच्याला कान पुढे करून ऐकावं लागायचं. चहा पीत नसत, ताक पीत. चोराला ‘अहो’ म्हणत. कोर्टाच्या आवारात आरोपी उकिडवा बसलेला असला, की हे त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल असे मातीत बसायचे, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घ्यायचे आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहायचे. किती वेळ? बघणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत. एक सराईत भुरटा मला रडकुंडीला येऊन म्हणाला होता, “वकीलसाहेब, जमादार मारस, पण मारीसन सोडी देस. हाऊ तं सोडतच नही.”

कोणी काहीही सांगितलं, की सोहोनी डोळे मिटून “छान” म्हणायचे. ही त्यांची सवयच होती. एकदा एका पोराने सांगितलं, साहेब, परवा आई गेली. सोहोनी म्हणाले, “छान.” मग डोळे उघडून, “म्हणजे वाईट झालं. पण सांगितलंत छान.” पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी कपाळाला हात लावला आणि दुसरीकडे बघितलं.

त्यांची अशी एक स्वतःची पद्धत होती, आणि तिच्यासाठी मुंबईपर्यंत त्यांचं नाव झालं होतं. ते म्हणायचे, चोरी सरकारची होत नाही, माणसाची होते. मग नजर सरकारने का ठेवायची? ज्याचं चोरलं त्यानेच ठेवावी. म्हणून सोहोनींच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाने रोज सकाळी ज्याच्या घरी चोरी केली त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि काल दिवसभर आपण काय केलं ते खरं खरं, मोठ्याने सांगायचं. पोलीस नको, चावडी नको, हजेरी नको. मॅजिस्ट्रेटलाही हे आवडलं. फुकटात होत होतं ना!

आता खिसेकापूचं काय करायचं? त्याने एका बाजारात दहा जणांना कापलेलं असतं. अमळनेरचा हिलाल म्हणून एक होता, बोटं म्हणजे लोणी. सोहोनींनी तोडगा काढला. हिलालने दर आठवडे बाजारात ओट्यावर उभं राहायचं आणि ओरडायचं, “खिसा सांभाळा रे भाऊ! मी खिसेकापू शे!” पहिल्या बाजारी लोक हसले. सोहोनी खाली उभे राहून माना डोलवत होते. पण झालं काय, हिलाल ओरडला की बाजारातला प्रत्येक जण दचकून आपला पैसा जिथे असेल तिथे हात लावून बघायचा. कोणी कमरेला, कोणी बंडीच्या आतल्या खिशाला, कोणी पागोट्याला. हिलालचे जुने सोबती गर्दीत उभेच होते. त्यांना आयतं कळायचं. त्या महिन्यात अमळनेरच्या बाजारात जेवढे खिसे कापले गेले तेवढे इंग्रजांच्या राज्यात कापले गेले नसतील. शेवटी एका बाजारी लोकांनी हिलाललाच ओट्यावरून खाली ओढला आणि असा तुडवला, की त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. आणि त्या पोराने बंधपत्र दिल्यापासून एक दिडकी उचलली नव्हती.

मी सोहोनींना म्हटलं, “बघा काय करून बसलात.” ते दवाखान्यात त्याला भेटूनच आले होते. म्हणाले, “वाईट झालं. पण एक पाहिलंत का? आजवर तो समाजाला चोरून स्पर्श करत होता. आज समाजाने त्याला उघड स्पर्श केला.” हे ते थट्टेने म्हणाले नाहीत. त्यांना थट्टा येतच नव्हती.

बाहेर एक आणि घरात एक, असा माणूस असता तर मी त्याला ढोंगी म्हणून मोकळा झालो असतो. पण सोहोनी आमच्या शेजारी राहत, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तीही सोय नव्हती. त्यांची कुसुम सात-आठ वर्षांची. तिने एकदा आमच्या मुलीची लाल रिबीन उचलली. पोरींचं असतं ते, दुसऱ्या दिवशी तिचं तिनेच परत आणून दिली असती. सोहोनींना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात कुसुम उभी, वेणी न घातलेली, आणि म्हणते, “मी काल कोणाचं काही घेतलं नाही.” माझी बायको धावली, तिला जवळ घेतलं, म्हणाली, जा गं बाई घरी. ती हलेना. मागे फाटकाशी सोहोनी उभे. रोज. पाऊस असो, ताप असो. बायकोने त्यांना हात जोडले, “अहो भावजी, पुरे करा. पोरगी सुकून गेली.” ते मऊ आवाजात म्हणाले, “वहिनी, तिला हलकं वाटतं.” दिवाळीत बायकोने आमच्या मुलीबरोबर तिलाही नवी रिबीन आणली. कुसुमने हात पाठीमागे नेले आणि मागे मागे सरकत जाऊन ती घरात पळाली. आमची बायको त्या दिवशी जेवली नाही, आणि सोहोनींच्या घरी ताक पाठवायची ते तिने बंद केलं.

आता सुपडूचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच तर लिहायला बसलो.

पांझरेकाठचं एक गाव, नाव लिहीत नाही, तिथली माणसं आहेत अजून. सुपडू तिथला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईने सुपात घातलं, म्हणून सुपडू. तेवीस-चोवीस वर्षांचा, उंच, खांद्याने बैलासारखा आणि डोक्यानेही जवळपास तसाच. आई मेली, बाप मेला, लग्न झालं, आणि पावसाने ओढ दिली त्या साली याने शेजारच्या तुळसाअक्काच्या घरातला तांब्याचा हंडा उचलून धुळ्यात विकला. हंड्यावर अक्काच्या बापाचं नाव कोरलेलं. तो तिच्या माहेरचा, लग्नातला. दुकानदारानेच नाव वाचून पोलिसात वर्दी दिली. चोरी करावी ती नाव कोरलेल्या भांड्याची, एवढी याची अक्कल. त्याची वकिली माझ्याकडे आली. गुन्हा कबूल. तीन महिने तरी बसले असते, पण सोहोनी उभे राहिले आणि त्याला बंधपत्रावर सोडवून घेतलं. तेव्हा मी सोहोनींना मनापासून धन्यवाद दिले होते, हेही सांगून टाकतो.

कारण सुपडूचा सगळा जीव टांगणीला लागला होता तो त्याच्या बायकोपायी. गेंदी तिचं नाव. चोरीचं कळल्याबरोबर तिचा बाप शिरपूरकडून बैलगाडी घेऊन आला आणि पोरीला घेऊन गेला. जाताना चार माणसांदेखत बोलला, “जेलना माणूसना घर मन्ही आंडेर नांदाव नही. वरीस साफ जाऊ दे, मी सोता आणी घालसू.” म्हणजे आंडेर, त्याची लेक, तुरुंग पाहिलेल्याच्या घरी नांदणार नाही. वर्ष साफ गेलं तर तो स्वतः आणून घालेल. आणि नाही गेलं तर? तर तिचा पाट लावून देईन, दुसरं घर तयार आहे. त्या बापाचा शब्द म्हणजे शब्द होता. सुपडूला एवढंच कळलं होतं, की पुढची आखाजी होऊन थोडे दिवस गेले, की मुदत संपते आणि गेंदी घरी येते. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्यतृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा.

मग रोज सकाळी सुपडू अक्काच्या अंगणात. तुळसाअक्का विधवा, एकटी, आणि तोंडाने अशी की गल्लीतली कुत्री तिला वळसा घालून जायची. पहिल्या दिवशी हा उभा राहून म्हणाला, “अक्का, काल मी कोणनं काहीच लिधं नही.” अक्का ओरडली, “नही लिधं तं उपकार करा का मन्हावर?” आणि गल्लीतल्या बाया गोळा केल्या. पोरं त्याच्या मागे मागे तेच वाक्य म्हणत फिरायची. नदीवर बाया हसायच्या. तो माझ्याकडे येऊन ढसाढसा रडला, म्हणाला, साहेब, मला आतच टाका. मी म्हटलं, “गेंदी हवी का?” त्याने डोळे पुसले आणि तो निघून गेला.

पण काय सांगू, सोहोनींची पद्धत त्या पोराला लागू पडली! रोज खरं बोलायचं म्हणजे बोलायला काहीतरी हवं. म्हणून तो बारीकसारीकही सांगायला लागला. अक्का, काल तुमच्या शेवग्याची एक शेंग तोडली. अक्का, काल पाटलाच्या म्हशीला आईवरून शिवी दिली. अक्का, काल गेंदीची आठवण आली आणि भाकर गेली नाही. अक्का आधी शिव्या द्यायची, मग हसायला लागली, मग दारात घोंगडी टाकायला लागली. हिवाळ्यात ती दोन दिवस तापाने पडली, तर यानेच पाणी भरलं, यानेच पेज केली. लोक म्हणायला लागले, गावात खोटं न बोलणारा एकच माणूस आहे आणि तो चोर आहे. आणि तो खरंच तसा झाला होता. त्याला खोटं बोलायचं असतं हेच तो विसरून गेला. पाऊस बघून माणूस म्हणतो ना, पाऊस आला, तितक्या सहज तो आपल्याबद्दल वाटेल ते सांगून टाकायचा.

सोहोनींना धन्य वाटलं. मुंबईहून खात्यातली तीन पाहुणे मंडळी पद्धत बघायला येणार होती, त्यांना सोहोनींनी सुपडूचं गाव दाखवायचं ठरवलं, आणि दिवस निवडला आखाजीचा, का तर सगळं गाव घरी सापडेल. जीपमध्ये जागा होती, गावचा रस्ता मला माहीत होता, म्हणून मलाही ओढून नेलं.

वाटेत मी सोहोनींना म्हटलं, “अहो, आज नको होतं. आज खानदेशात गावोगाव पत्ते चालतात. सकाळी घागर भरायची, पितरांना आंबा-सांजोरी दाखवायची, जेवायचं, की पुरुष पत्त्याला आणि माहेरी आलेल्या पोरी झोक्याला. आज पोलीस पाटीलही डाव मांडतो. त्याला इथे कोणी जुगार म्हणत नाही.” आणि बंधपत्रात तर साफ लिहिलं होतं, दारू नाही, जुगार नाही. सोहोनी म्हणाले, “सगळे खेळतात म्हणून सुपडू खेळतील, असं आपण का धरायचं?” पाहुण्यांनी माना डोलावल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पारावर लिंबाखाली घोंगड्या अंथरलेल्या आणि सबंध गाव डावावर. पलीकडच्या झाडांना झोके, पोरींची गाणी. जीप बघून कोणी पत्ते लपवले नाहीत. पाटील उलट बसूनच म्हणाले, “या साहेब, एक डाव टाका!” सुपडू तिथे नव्हता. तो आमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला अक्काच्या घरात धावला होता आणि हसत बाहेर येत होता. नवा सदरा घातलेला. नंतर मला कळलं ते असं, की त्या दिवशी दुपारी पाटलांनी स्वतः त्याला हाक मारून म्हटलं होतं, “ये रे सुपडू, बस. आज बठ्ठा गाव एक.” वर्षभरात पहिल्यांदा गावाने त्याला आपल्या रांगेला बसवलं होतं. घोंगडी सरकवून त्याला जागा केली होती. तो दोन डाव खेळला होता.

पण सोहोनींनी हे पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिला तो पाण्याचा तांब्या घेऊन येणारा माणूस. तेवढ्यावर भागलं असतं हो! पाणी प्यायचं, दोन शब्द बोलायचे, निघायचं. पण नाही. सोहोनी मातीत बसले, सुपडूला समोर बसवलं, त्याचे हात हातांत घेतले आणि सगळ्या गावासमोर विचारलं, “सुपडूजी, आज आपण पत्ते खेळलात?”

पाटलांच्या सगळं लक्षात आलं. ते चटकन म्हणाले, “नाही हो साहेब, तो कुठला खेळतो! तो पाणी वाटत होता.” दुसरा म्हणाला, हो, पाणीच वाटत होता. झोक्यापाशी बसलेली तुळसाअक्का उठून आली, कमरेवर हात ठेवून, “हाऊ तं मन्हा घर पानी भरी राहिंता. सकाळपाशी.” पोरंसोरंसुद्धा ओरडली, सुपडू नाही खेळला, सुपडू नाही खेळला. सोहोनींनी तळवा वर केला, “त्यांना बोलू द्या.” मी पाहुण्यांच्या पाठीमागे उभा होतो. मी सुपडूकडे बघून जोरजोराने मान हलवली, हात हलवला, ओठावर बोट ठेवलं. त्याने मला पाहिलं. वकीलसाहेब एवढे हातवारे कशाला करतात, असं वाटून त्याला हसूच आलं.

“खेयनू ना साहेब!” तो म्हणाला. “दोन डाव खेयनू. आखाजी शे ना आज!”

सोहोनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी सुपडूला मिठी मारली, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? सगळं गाव खोटं बोललं. खरं बोलला तो एकटा गुन्हेगार.” पाहुणे भारावले. गावालाही हायसं वाटलं. साहेबाने मिठी मारली म्हणजे माफ झालं, असंच सगळ्यांना वाटलं. पाटलांनी सांजोऱ्या मागवल्या. सुपडूने आम्हाला जीपपर्यंत पोचवलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “आते थोडाच रोज राह्यनात ना साहेब?” थोडेच दिवस राहिले ना, म्हणून. मी म्हटलं, थोडेच.

गाव मागे पडलं तसे सोहोनी बाहेरच्या शेतांकडे बघत म्हणाले, “उद्या कोर्टाला कळवावं लागेल.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडलो, पाहुण्यांची पर्वा न करता. “अहो, पाटलाने बसवलं त्याला! त्याची बायको जाईल! माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे,” सोहोनी म्हणाले. “पण वकीलसाहेब, आज तो खरं बोलला. त्या खऱ्याला मीच काही वजन दिलं नाही, तर तो पुन्हा खरं कशाला बोलेल?”

कोर्टात मी जीव तोडून बोललो. आखाजीचा डाव हा जुगार नव्हे, रीत आहे, हे सांगितलं. मॅजिस्ट्रेट धुळ्याचेच, ते स्वतः आखाजीला खेळत असणार. ते सोहोनींना म्हणाले, “अहो, सोडून द्या ना.” सोहोनी उभे राहिले आणि म्हणाले, त्याने कबूल केलं आहे, साहेब, आणि अट लेखी आहे. मुंबईचे पाहुणेही मागे बसलेले. मॅजिस्ट्रेटचं तोंड आंबट झालं. “तुमचाच माणूस म्हणतो, तर मी काय करू?” तीन महिने.

तुळसाअक्का आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट बघत होती. तिने एकदम मधे येऊन ओरडायला सुरुवात केली, “हंडा मीच दिधा व्हता साहेब! चोरी व्हयनीच नही!” शिपायाने तिला दंड धरून बाहेर काढलं. व्हरांड्यात तिने सोहोनींना गाठलं. मला वाटलं आता ती त्यांना ठोकते, आणि मी अडवणार नव्हतो. पण तिने आवाज चढवला नाही. “साहेब,” ती म्हणाली, “चोर व्हता तवय तुम्हीन त्याले सोडं. चांगला व्हयना तवय धरं.” चोर होता तेव्हा सोडलंत, चांगला झाला तेव्हा धरलंत. सोहोनींनी डोळे मिटून ऐकलं आणि तिला नमस्कार केला.

शिरपूरला बातमी जायला किती वेळ लागतो? पंच बसले, फारकत झाली, आणि पावसाळा लागायच्या आत गेंदीचा पाट लागला. तिला विचारलं का, माहीत नाही. ती रडली होती, एवढं मला कोणी तरी सांगितलं.

सुपडूला आत हे ठाऊक नव्हतं. त्याचे सुटायचे दिवस जवळ आले होते. नावावरचा डाग पुसावा म्हणून केलेल्या अपिलाच्या एका कागदावर सही घ्यायला मी धुळ्याच्या तुरुंगात गेलो, तर फाटकाशी सोहोनी. ते दर आठवड्याला त्याला भेटायला येत असत. हातात पेरूची पिशवी. मी त्यांना बाजूला घेतलं. “हे बघा, गेंदीचं आज सांगू नका. चार दिवसांत बाहेर येईल, अक्का आहे, पाटील आहेत, ते त्याला धरून सांगतील. आत एकट्याने कसं सोसायचं त्याने?” सोहोनींनी माझा हात दाबला. मला वाटलं, ऐकलं.

सुपडू गजांपलीकडे आला. खांदे उतरले होते, तोंड मात्र हसरं. पहिलाच प्रश्न, “साहेब, गेंदी कशी शे?”

आणि सोहोनींनी सांगितलं. सगळं, नीट, क्रमाने, मऊ आवाजात. पंच कधी बसले, पाट कुठल्या गावी लागला, माणूस कसा आहे, दोन बैलांची शेती आहे. गजांतून हात घालून त्यांनी सुपडूची बोटं धरली होती आणि त्याच्या डोळ्यांत बघत होते. मी मधे दोनदा “सोहोनी!” म्हणून ओरडलो. पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला.

सुपडू रडला नाही. मग एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची असावी तसा त्याने विचारलं, “साहेब, त्या रोज मी ‘नही’ म्हणतू, तं तुम्ही मानतात का?” त्या दिवशी मी ‘नाही’ म्हणालो असतो, तर तुम्ही ते मानलं असतं का?

सोहोनींनी विचार केला. खरंच विचार केला, घाईने उत्तर दिलं नाही.

“हो,” ते म्हणाले. “मानलं असतं. मी कुठे काही पाहिलं होतं?”

सुपडूने त्यांच्या हातातून आपली बोटं सोडवून घेतली आणि तो आत निघून गेला. माझा कागद सही न होता तसाच राहिला. पावसाने उघडीप दिली होती आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. सोहोनींनी टांगा थांबवून ठेवला होता. ते त्यात चढून बसले, रुमालाने मान पुसली, आणि माझ्यासाठी जागा करायला बाकावर थोडे पलीकडे सरकले.

“या ना वकीलसाहेब,” ते म्हणाले. “एकाच गल्लीत तर जायचंय.”

मी चालत निघालो.